ठसा वाचा, मग नोट घ्या : मध्य अमेरिकेच्या जुन्या नोटा जमवताना

परभणीत माझा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मोंढ्यातल्या अडत्यांच्या हिशोबपट्ट्या, निवडणुकीची पत्रकं, असं सगळं काम. एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवली आणि ट्रेडल, म्हणजे छपाईचं छोटं यंत्र चालवलं. त्यामुळं नोट हातात आली की मला आधी तिची छपाई दिसते, किंमत नंतर. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा, कोस्टा रिका, पनामा आणि तेव्हाचा ब्रिटिश होंडुरास (आताचा बेलीझ), या देशांच्या साधारण १९३५ ते १९७० या काळातल्या नोटा कशा ओळखायच्या, कशा घ्यायच्या आणि आपल्या मराठवाड्याच्या हवेत कशा टिकवायच्या, हे त्याच नजरेनं सांगतो.

हा नाद लागला १९९६ साली. ट्रेडलचे रूळ बदलून आणायला हैदराबादला गेलो होतो. गाडीला वेळ होता म्हणून जुन्या शहरात एका नाणीवाल्याकडं हाली शिक्क्याची नोट बघायला थांबलो. हाली म्हणजे निजामाच्या राज्यातलं चलन आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. आजोबांची मजुरी हाली रुपयात मिळायची. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशोब त्यांना मरेपर्यंत तोंडपाठ होता. दुकानदारानं निजामाच्या नोटांची चळत काढली आणि तिच्यात एक हिरवी नोट निघाली. तो म्हणाला, "ये बाहर का नोट है साब, इसकू कोई पूछता नै." मी सहज तिच्यावरून नख फिरवलं आणि थांबलो. रेघा नखाला लागत होत्या. मागच्या बाजूला तळं, त्यामागं डोंगर, आणि तळ्याच्या पाण्यावरची एकेक रेघ कोरून काढलेली. ग्वाटेमालाची १ केत्सालची नोट, तळं आतितलानचं. साल बघितलं तर १९४८.

१९४८ म्हटलं की आमच्याकडं दुसरं काही आठवतच नाही. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. पण आजोबांच्या खिशातली हाली नोट काही त्या दिवशी मेली नाही. पुढं काही वर्षं हाली आणि कलदार दोन्ही चालत राहिले. राज्य बदलायला चार दिवस पुरले, नोट बदलायला मात्र वर्षं लागली. मध्य अमेरिकेच्या नोटांत मला हेच सापडत गेलं, आणि नवीन माणसाला मी पहिलं हेच सांगतो : चित्र बघून नोट घेऊ नका, ठसा बघून घ्या. ठसा म्हणजे मूळ छपाई झाल्यावर वरून मारलेली अक्षरं, तारीख, सही, शिक्का.

छापखानेवाल्याला हे लगेच कळतं. एकदा मोंढ्यातल्या एका दुकानाचा फोन नंबर बदलला. पाच हजार बिलं छापून पडलेली. फेकून कशी देणार? जुन्या नंबरावर आडवी पट्टी आणि खाली नवा नंबर, असं परत मशीनवरून काढून दिलं. बँकाही हेच करतात. १९४४ च्या ऑक्टोबरात ग्वाटेमालात क्रांती झाली, पुढं आरेवालो अध्यक्ष झाले, आणि १९४६ मध्ये १९२६ पासूनच्या 'बांको सेंत्राल दे ग्वातेमाला'च्या जागी 'बांको दे ग्वातेमाला' ही नवी बँक कामाला लागली. नवीन नोटा अमेरिकेतून छापून यायला वेळ लागणार. तोवर जुन्याच बँकेच्या नोटांवर नव्या बँकेचं नाव मारून त्या चालवल्या. कोस्टा रिकात हे दोनदा झालं. १९३० च्या दशकात 'बांको इंतेरनासिओनाल'चं 'बांको नासिओनाल' झालं तेव्हा एकदा, आणि १९५० मध्ये 'बांको सेंत्राल' निघाली तेव्हा दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा जुन्या नोटा, वर नवं नाव. त्यातल्या पहिल्या खेपेत कोस्टा रिकाची २ कोलोनची एक नोट आहे, तिच्यावर मोनालिसा आहे. लोक त्या मोनालिसासाठी तिच्यामागं लागतात. मला मात्र तिच्यावरचा ठसाच जास्त मोलाचा वाटतो, कारण त्या एका ओळीत देशाची बँक बदललेली दिसते.

आता ही छपाई कोणाची, ते बघायला शिका. नोटेच्या खालच्या कडेला, अगदी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असतं. या देशांच्या नोटा तेव्हा बहुतेक बाहेरच छापल्या जायच्या. जास्त काम जायचं न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीकडं, नाहीतर लंडनच्या वॉटरलो अँड सन्स आणि थॉमस डे ला रू यांच्याकडं. १९६१ मध्ये वॉटरलोचं नोटांचं काम डे ला रूनं घेतलं. म्हणून वॉटरलोचं नाव दिसलं की छपाई त्याच्या आसपासची किंवा आधीची, एवढं तारीख न वाचताही धरून चालता येतं. अमेरिकन कंपनीच्या पुष्कळ नोटांत कागदाच्या लगद्यातच रंगीत बारीक टिकल्या टाकलेल्या असतात, खसखशीपेक्षा थोड्या मोठ्या. भिंगाखाली त्या कागदात रुतलेल्या दिसतात. नकली नोटेत त्या छापलेल्या असतात, सपाट.

छपाई तीन तऱ्हेची, आणि तिन्ही एकाच नोटेवर सापडतात. खालचा फिकट रंगीत जाळीचा थर सपाट छपाईचा. त्यावर माणसाचा चेहरा, वेलबुट्टी आणि मोठी अक्षरं कोरीव प्लेटची. प्लेटवर रेघा कोरतात, खाचेत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि ओलसर कागद प्रचंड दाबानं त्यावर दाबतात. कागद खाचेत उतरून शाई उचलून घेतो, म्हणून ती रेघ वर उठलेली असते आणि नखाला लागते. आमच्या ट्रेडलचं याच्या उलट. खिळ्याचा उंच भाग शाई घेतो आणि कागदात दाबला जातो, म्हणून अक्षर खाली रुततं आणि पाठीला उठाव येतो. नोटेवरचे नंबर, सह्या, तारीख आणि ठसा हे बहुतेक या आमच्या पद्धतीनं छापलेले. पावतीपुस्तकाचं नंबरिंग केलेल्या माणसाला हा उठाव अंधारातही बोटाला कळतो. तुम्हालाही कळेल. जुन्या पावतीपुस्तकाचं पान घ्या, डोळे मिटून पाठीमागून बोट फिरवा, आठ दिवस रोज.

आता ठशाची परीक्षा सांगतो, कारण फसवणूक इथंच होते. साधी जुनी नोट स्वस्त, ठसा असलेली महाग, म्हणून साध्या नोटेवर खोटा ठसा मारून विकणारे आहेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खिळ्यानं मारलेल्या अक्षराच्या कडेला शाई किंचित जास्त साचते. दाबामुळं ती बाहेर ढकलली जाते, म्हणून अक्षराभोवती गडद काठ दिसतो आणि आतली शाई त्या मानानं फिकी. रबरी शिक्क्याला हा काठ इतका स्वच्छ येत नाही. त्याची शाई कागदात पसरते. लेझर प्रिंटरचं अक्षर चकाकतं आणि आजूबाजूला काळी भुकटी सांडल्यासारखे कण असतात. इंकजेटची कड फुटलेली, धाग्याधाग्यानं शाई ओढलेली.

याहून पक्की खूण घडीची. वापरलेल्या नोटेला मधोमध घडी असते. तिथं कागदाचा वरचा थर फाटून आतले तंतू उघडे पडलेले असतात. ठसा खरा असेल तर तो नोट नवी असताना बसलेला. मग घडीच्या रेषेवर ठशाची शाईही कागदाबरोबर झिजून गेलेली असते आणि तिथं पांढरी रेघ दिसते. ठसा नंतर मारलेला असेल तर शाई त्या फाटलेल्या तंतूंत उतरलेली असते, घडीच्या खाचेत काळी होऊन बसलेली. एका विक्रेत्यानं मला ग्वाटेमालाची १९४६ च्या ठशाची नोट दाखवली होती. चेहरा अस्सल, कागद अस्सल, नंबर अस्सल. भिंग लावलं, आणि ठशातलं एक 'ए' घडीवर पडलं होतं, त्याची आडवी दांडी घडीच्या दरीत उतरून पलीकडं चढली होती. नोट तशीच त्याच्या हातात परत दिली. ही एक परीक्षा जरी पक्की केलीत तरी या लेखाचं काम झालं असं मी समजेन.

एल साल्वाडोरच्या नोटांत ठसा मागच्या बाजूला बघायचा. त्यांचं चलन कोलोन, म्हणजे कोलंबसाचं स्पॅनिश नाव. त्याचं चित्र नोटेच्या पाठीवर असतं, आणि त्याच बाजूला नंतर मारलेला शिक्का, तारीख आणि सही. समोरून दोन नोटा सारख्या दिसल्या तरी पाठीवरच्या तारखा वेगळ्या असू शकतात. म्हणून विक्रेत्याकडून फक्त पुढच्या बाजूचा फोटो कधी घेऊ नका. त्यांची 'बांको सेंत्राल दे रेसेर्वा' १९३४ ची. तेव्हापासून १९८६ पर्यंत अडीच कोलोनला एक डॉलर हा भाव टिकला आणि २००१ पासून त्या देशात अमेरिकन डॉलरच चालू झाला. म्हणजे कोलोनच्या नोटांची गोष्ट संपलेली आहे, संग्रह पुरा करता येतो.

भाव माहीत असला की कोणती नोट का मिळत नाही हेही कळतं. केत्साल तर १९२५ पासून साठ वर्षं डॉलरच्या बरोबरीनं होता. म्हणजे त्या काळी १०० केत्साल म्हणजे रोकडे १०० डॉलर. एवढी रक्कम कोण पेटीत विसरून जाईल? म्हणून मोठ्या नोटा बँकेत परत गेल्या आणि जळाल्या. अर्धा आणि एक केत्साल मात्र घरांत, पुस्तकांत, कपाटांत राहून गेले. होंडुरासमध्ये दोन लेंपिरांचा एक डॉलर. निकाराग्वात पन्नाशीच्या मध्यापासून १९७९ पर्यंत सात कोर्दोबांचा एक. छोट्या नोटांपासून सुरुवात करा, त्या खिशाला झेपतात आणि इतिहास त्यांच्यावरही तेवढाच असतो.

नावांकडंही लक्ष द्या. कोलोन कोलंबसाच्या नावाचा, कोर्दोबा निकाराग्वात शहरं वसवणाऱ्या स्पॅनिश सरदाराच्या नावाचा, बाल्बोआ प्रशांत महासागर गाठणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या नावाचा. पण केत्साल हा तिथल्या रानातला लांब शेपटीचा हिरवा पक्षी, आणि लेंपिरा हा सोळाव्या शतकात स्पॅनिश फौजांशी लढलेला लेंका जमातीचा नायक. होंडुरासच्या १ लेंपिराच्या नोटेवर तोच आहे. हरलेल्याचं नाव पैशाला दिलंय, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्याच होंडुरासमध्ये १९५० पर्यंत मध्यवर्ती बँकच नव्हती. नोटा खासगी बँका काढायच्या. त्यातली 'बांको आतलांतिदा' १९१३ मध्ये ला सेइबा या बंदरात निघाली, आणि तिच्यामागं होते केळीचा व्यापार करणारे व्हाकारो बंधू. केळीच्या व्यापाऱ्याची बँक, तिची नोट, आणि देश त्या नोटेवर चालतोय. आपल्या अर्धापूर-बसमतच्या केळीवाल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको.

अर्धापूरवरून आठवलं. माझे साडू तिथले, जन्म केळीच्या बागेत गेला. त्यांना मी कोस्टा रिकाची ५ कोलोनची नोट दाखवली. ही मालिका १९६८ पासूनची, म्हणजे आपल्या काळाच्या शेवटाकडची, पण पुढं बरीच वर्षं छापली गेली, त्यामुळं कोरी नोटही स्वस्तात मिळते. पहिली नोट म्हणून मी सगळ्यांना हीच घ्यायला लावतो. पाठीवर सान जोसेच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या छतावरचं चित्र आहे, कॉफी आणि केळीच्या तोडणीचं. इटलीच्या आलेआर्दो व्हिला या चित्रकारानं ते १८९७ मध्ये काढलं. साडूंनी चष्मा लावला, नोट उजेडाला धरली आणि म्हणाले, "अण्णा, हे मधल्यानं घड असा का धरलाय? असा धरतेत व्हय कुठं? फण्या मोडतेत की." मी थक्क झालो. कारण चित्रकारानं केळीची तोडणी कधी बघितलीच नव्हती हे कोस्टा रिकातही नेहमी सांगतात. कॉफीही त्यानं समुद्रकाठी दाखवली आहे, आणि कॉफी तर डोंगरावरची. नोट नीट वाचायला पदवी लागत नाही, आपलं काम माहीत असावं लागतं.

निकाराग्वाची १ कोर्दोबाची १९४१ ची नोट मिळाली तर सोडू नका. तिच्यावर पिसांचा मुकुट घातलेली 'इंडियन' मुलगी आहे. प्रत्यक्षात ती हुकूमशहा आनास्तासिओ सोमोसा गार्सियाची मुलगी, लिल्यान. ज्या आदिवासींना त्या राजवटीत काही मिळालं नाही, त्यांच्या वेशात मुलीला बसवून घरोघरी पोचवलं. १९५६ मध्ये लेओन शहरात रिगोबेर्तो लोपेस पेरेस या तरुण कवीनं सोमोसावर गोळ्या झाडल्या. माझ्याकडची नोट फार वापरलेली आहे, मुलीच्या गालावरून घडी गेलेली. तरी मी तिला कोऱ्या नोटेशी बदलणार नाही. ती बाजारातून फिरून आलेली आहे.

पनामाबद्दल जरा सावध करतो, कारण तिथं मी स्वतः पैसे घालवले. पनामाला कागदी नोटाच नाहीत, तिथं अमेरिकन डॉलर चालतो आणि बाल्बोआची फक्त नाणी. अपवाद एकच. १९४१ मध्ये अध्यक्ष आर्नुल्फो आरियास यांनी स्वतःच्या नोटा काढल्या. १, ५, १० आणि २० बाल्बोआ, छपाई न्यूयॉर्कच्या हॅमिल्टन बँक नोट कंपनीची. २ ऑक्टोबरला त्या बाहेर आल्या. आरियास क्यूबाला गेले असताना ९ ऑक्टोबरला त्यांची सत्ता उलथवली, बँक बंद केली आणि नोटा परत मागवून जाळल्या. सात दिवसांच्या नोटा म्हणून त्या जगभर प्रसिद्ध आहेत. अशी गोष्ट वाचल्यावर कोणाचाही हात पाकिटाकडं जातो, माझाही गेला. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून १ बाल्बोआची नोट घेतली. दोन लग्नसराईत पत्रिका छापून साठवलेले पैसे होते. पाकीट उघडलं, नख फिरवलं, काही लागलं नाही. भिंग लावलं तर चेहरा रेघांचा नव्हता, रंगीत ठिपक्यांचा होता, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा. ऑफसेटवर काढलेली नक्कल. पैसे परत मिळाले नाहीत. एकतीस वर्षं छपाईत काढलेल्या माणसानं मागवण्याआधी साधा मोठा स्कॅन मागितला नाही, याचं दुःख मला आजही आहे.

तेव्हापासून माझा नियम असा. विक्रेत्याकडं दोन्ही बाजूंचा किमान ६०० डीपीआयचा स्कॅन मागायचा. शिवाय एक फोटो बाजूनं तिरकी बॅटरी मारून काढलेला. तिरक्या उजेडात घड्या, टाचणीची भोकं, रेघांचा उठाव, सगळं सावलीनं उघडं पडतं. परत घेण्याची अट आधी लिहून घ्यायची. हे द्यायला जो कुरकुर करतो त्याची नोट घ्यायची नाही, मग ती कितीही स्वस्त असो. पावती जपून ठेवा. चालू विदेशी चलन घरात ठेवायला आपल्याकडं २००० डॉलरच्या किमतीची मर्यादा आहे, आणि कोणी विचारलं तर पावतीवरून संग्रह कोणता आणि चलन कोणतं हे सांगता येतं.

धुतलेल्या नोटा हा दुसरा धोका. मळकी नोट पाण्यात घालून, कधी ब्लीच लावून, मग इस्त्री मारून 'जवळजवळ कोरी' म्हणून विकतात. खऱ्या कोऱ्या नोटेचा कागद टणक असतो, कोपऱ्यावर अलगद टिचकी मारली की खणखणीत वाजतो. इस्त्रीची नोट लिंबू पिळल्यासारखी मऊ आणि निर्जीव, कोरीव रेघांचा उठाव दबलेला. अल्ट्राव्हायोलेट बॅटरी आता दोन-तीनशे रुपयांत मिळते. त्या काळातल्या नोटेचा कागद तिच्याखाली काळसर, गप्प दिसतो. आजचा पांढराशुभ्र कागद मात्र निळा चमकतो. नोट निळी चमकली तर एकतर कागद नवा आहे किंवा ती कपड्यांच्या पावडरीत बुडालेली आहे.

दर्जाची नावं बहुतेक विक्रेते हीच वापरतात : यूएनसी म्हणजे कोरी, मग उतरत्या क्रमानं एयू, एक्सएफ, व्हीएफ, एफ, व्हीजी, जी आणि त्याखाली फेअर, पुअर. प्रत्येक नोटेला आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या सूचीतला क्रमांक असतो. विक्रेते 'पी' लावून तो लिहितात. क्रमांक सारखा असला तरी तारखा आणि सह्या वेगळ्या असतात, तिथं लहान अक्षरं जोडतात. त्या लहान अक्षरातच भावाचा फरक असतो. विकत घेताना ते अक्षर स्वतः पडताळा.

तारखा स्पॅनिशमध्ये असतात, तेवढं शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. एनेरो जानेवारी, आगोस्तो ऑगस्ट, सेतिएंब्रे सप्टेंबर, दिसिएंब्रे डिसेंबर, बाकीचे इंग्रजीवरून कळतात. 'पोर्तादोर' म्हणजे धारक, 'हेरेंते' म्हणजे व्यवस्थापक, 'प्रेसिदेंते' अध्यक्ष. आडवं 'मुएस्त्रा' किंवा 'स्पेसिमेन' छापलेलं आणि भोकं पाडलेलं असेल तर ती नमुन्याची नोट, बाजारात कधी न गेलेली. १९९० मध्ये अमेरिकन बँक नोट कंपनीच्या जपणुकीतले असे पुष्कळ नमुने लिलावात विकले गेले. अजूनही ते हातोहात फिरतात. छपाई शिकायची असेल तर नमुना घ्या, कोरीव काम त्यात शाबूत असतं.

ब्रिटिश होंडुरासचं एवढंच सांगतो. तिथं स्पॅनिश नाही, इंग्रजी. आधी राजा जॉर्ज सहावा, जो आपल्याही नोटांवर होता, आणि १९५३ पासून राणी एलिझाबेथ. १ डॉलरची हिरवी, २ ची जांभळी, ५ ची लाल. १९४९ च्या ३१ डिसेंबरला गव्हर्नरनं तिथल्या डॉलरचा भाव एका झटक्यात पाडला, आणि त्या रागातून तिथली स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये देशाचं नाव बेलीझ झालं. या नोटांना राणीमुळं जगभर मागणी आहे, म्हणून महाग. घाई करू नका.

आता जपणूक. परदेशी माणसानं लिहिलेले सल्ले थंड हवेचे असतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. सुरुवातीला मी शाळेच्या दप्तराच्या दुकानातून मऊ प्लास्टिकचा अल्बम घेतला होता, खोलीत पत्र्याखाली ठेवला होता. उन्हाळ्यानंतर उघडला तर पीव्हीसीला घाम सुटल्यासारखा चिकटपणा, आणि एल साल्वाडोरच्या दोन नोटा पाकिटाला चिकटलेल्या. ओढल्या तर कोलंबस अर्धा पाकिटात. मऊ, वास येणारं प्लास्टिक घरातच आणू नका. पॉलिएस्टरची कडक, खळखळ वाजणारी, वास नसलेली पाकिटं घ्या. एका पाकिटात एकच नोट. चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. फाटली असेल तर फाटलेलीच राहू द्या.

पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती रात्री नऊपर्यंत तापलेली असते. माळवदाचं घर असेल तर आतली खोली थंड राहते, ते चांगलं, पण वरून माती गळते, म्हणून झाकण घट्ट हवं. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला लागते. कडुलिंबाचा पाला धान्यात ठीक, कागदाला त्याचे डाग पडतात. कसर आणि वाळवी यांच्यासाठी स्टीलची पेटी, खाली चार विटा, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. उन्हाळ्यात कागद कोरडा पडून ठिसूळ होतो, तेव्हा घडी उलगडायचं कामच करायचं नाही. ते काम दिवाळीच्या सुमाराला, हवा सौम्य असते तेव्हा. हात धुवून पुसून कोरडे करायचे आणि नोट कडेनं धरायची.

प्रत्येक नोटेला मी एक चिठ्ठी करतो, पेन्सिलनं. देश, किंमत, तारीख, छापणारा, पिक क्रमांक, कुणाकडून, कितीला, आणि ठसा असेल तर भिंगाखाली काय दिसलं ते दोन ओळीत. चिठ्ठी नोटेच्या पाकिटात नाही, मागच्या वेगळ्या पाकिटात.

वर्षातून एकदा सगळी पेटी उघडायची. मी ते १७ सप्टेंबरला करतो, झेंडावंदनाहून आल्यावर. पावसाचा जोर तोवर ओसरलेला असतो. शिवाय दोनच दिवस आधी, १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन, १८२१ चा. सिलिकाच्या पुड्या बदलतो, पाकिटांचे कोपरे तपासतो, एकेक नोट तिरक्या बॅटरीत बघतो. आजोबांची हाली नोट त्याच पेटीत आहे, पहिल्या पाकिटात. तिच्यावर उर्दूबरोबर मराठीतही किंमत छापलेली आहे. दुसऱ्या पाकिटात ती १९४८ ची हिरवी केत्साल. तिसरं पाकीट रिकामं ठेवलंय, १९४६ च्या ठशासाठी. खरी नोट अजून मिळायची आहे.